शेवटच्या गाडीचं अर्धं तिकीट

गुरुवारचं साप्ताहिक दाराच्या फटीतून पायपुसण्यावर पडलं तेव्हा मॉरीन एन्टविसल टोस्टला मार्मालेड लावत होती. तिने पेपर उचलून टेबलावर पसरला आणि सुरी तशीच हवेत राहिली. पहिल्या पानावर तिची धाकटी बहीण हसत होती.

ग्लेनिसच्या हातात एक छोटी चौकट होती, चौकटीत पुठ्ठ्याचं हिरवट तिकीट, आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'शेवटच्या गाडीत होत्या, आता पहिल्या ट्राममध्ये!'

"क्लिफ!" मॉरीन ओरडली. "हिला गालगुंड झालं होतं!"

तिचा नवरा शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाला, "कोणाला?"

"ग्लेनिसला!"

"कधी, आत्ता?"

"आत्ता कशाला! अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी!"

"मग एव्हाना उतरलं असेल," क्लिफ म्हणाला आणि त्याने आडव्या सातव्या शब्दात एक अक्षर भरलं.

क्लिफला काय कळणार? तो बायकोच्या माहेरच्या भांडणात पडत नसे, आणि तेच शहाणपणाचं होतं. पण मॉरीनच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्याला कारणही होतं.

हॉलिन्स ब्रूक हे मँचेस्टरच्या दक्षिणेचं एक लहानसं उपनगर. तिथलं रेल्वे स्टेशन अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी बंद झालं. रूळ उखडून नेले, फलाटावर काटेरी ब्लॅकबेरी माजली, आणि त्या वाटेवर लोक कुत्री फिरवू लागले. आता त्याच वाटेवर नवे रूळ पडले होते. जुन्या फलाटाच्या जागी ट्रामचा थांबा उभा होता आणि शनिवारी अकरा वाजता पहिली पिवळी ट्राम येणार होती. ट्रामवाल्यांनी महिनाभर आधी जाहीर केलं होतं: जो कोणी शेवटच्या गाडीने या स्टेशनात उतरला असेल आणि ज्याच्याकडे त्या दिवसाचं तिकीट असेल, त्याने यावं. फीत तो कापेल, पहिल्या ट्राममध्ये सगळ्यांत पुढच्या सीटवर तो बसेल, आणि त्याचं तिकीट थांब्यावर कायमचं मांडलं जाईल.

शेवटच्या गाडीत मॉरीन होती. बारा वर्षांची, नवे लोकरी हातमोजे घातलेली, आत्याच्या शेजारी बसलेली. नऊ वर्षांची ग्लेनिस सुजलेले गाल घेऊन घरी पडली होती. हे देवाला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, डॅडना ठाऊक होतं, आत्याला ठाऊक होतं. त्यातले देव सोडून बाकीचे आता बोलायला येणार नव्हते.

"पण तू तर ट्राम नको म्हणून सह्या गोळा करत हिंडत होतीस ना?" क्लिफने विचारलं. "तीन वर्षं. पावसात. माझी छत्री घेऊन."

"नकोच आहे मला ट्राम. पण यायचीच असेल तर पहिली मी बसणार."

यावर क्लिफने आडवा आठवा शब्द वाचायला घेतला.

मॉरीनने ट्रामवाल्यांच्या ऑफिसात फोन लावला. समीना नावाची एक गोड आवाजाची मुलगी बोलली. कार्यक्रमाचं सगळं तिच्याकडे होतं.

"ग्लेनिस माझी सख्खी बहीण आहे," मॉरीन म्हणाली, "आणि ती त्या गाडीत नव्हती. मी होते."

"अच्छा! मग तुमच्याकडेही तिकीट असेल ना?"

"नाही. मी देऊन टाकलं."

"कोणाला?"

"तिकीट घेणाऱ्याला. उतरल्यावर फाटकापाशी तिकीट द्यायचं असतं बाई. तो नियम होता."

"हो, पण शेवटच्या दिवशी... म्हणजे लोकांनी आठवण म्हणून ठेवली असतील, नाही का?"

"ठेवली. सगळ्यांनी ठेवली. कोणी मोज्यात घातली, कोणी हरवलं म्हणून खोटं सांगितलं. पण तिकीट घेणारा माझा बाप होता."

मग समीना जपून म्हणाली, "तुमच्या वडिलांनी तुमच्याकडून तिकीट काढून घेतलं?"

"काढून घेतलं नाही. मागितलं. मी दिलं."

समीनाने खूप वेळा सॉरी म्हटलं. पेपरात छापून आलं होतं, पुरावा नव्हता, आता काही करता येणार नव्हतं. समजूत काढायची म्हणून तिने हेही सांगितलं की तिकीट एका खास काचेच्या खांबात बसवणार आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी दिसेल असं. त्यावर मॉरीनने फोन ठेवून दिला.

वॉल्टर, म्हणजे या दोघींचा बाप, त्या स्टेशनातला हमाल, झाडूवाला, दिवे लावणारा आणि तिकीट घेणारा, सगळं एकटाच होता. नियमाचा इतका पक्का की खुद्द बायको बाजारातून आली तरी फाटकापाशी हात पुढे यायचा. गोळा झालेली तिकिटं सुतळीत बांधून दर सोमवारी वरच्या ऑफिसात जायची आणि त्यांत आयुष्यात कधी एकाचाही फरक पडला नाही, असं तो स्वतः सांगायचा. दुसरं त्याचं पालुपद मॉरीनसाठी होतं. तिला तिकीट दातांत धरायची खोड होती. हातमोजे घालताना, पिशवी सावरताना तिकीट जायचं तोंडात. "मो, तिकीट तोंडात घालू नकोस. ते रेल्वेचं आहे, टॉफी नाही."

शेवटच्या दिवशी, जानेवारीतल्या शनिवारी संध्याकाळी, अख्खं गाव फलाटावर होतं. लोक गाडीतून उतरत होते आणि हसत हसत फाटकातून सटकत होते. "आठवण म्हणून ठेवतो रे वॉल्टर!" वॉल्टर कोणाकोणाला अडवणार? तो नुसता हात पुढे करून उभा होता आणि त्या हातावर कोणी काही ठेवत नव्हतं. मग मॉरीन आली.

"डॅड, मला ठेवू दे ना."

"उतरलं की तिकीट द्यायचं, मो."

तिने दिलं. गावभरच्या लबाडांच्या खिशात तिकिटं गेली आणि शहाण्या मुलीचा खिसा रिकामा राहिला. ते लबाड आता बरेचसे चर्चच्या आवारात झोपलेत, आणि उरलेल्यांची तिकिटं घरं बदलताना कचऱ्यात गेली. मॉरीनच्या मनातून मात्र ते तिकीट कधी गेलं नाही.

आणि आता ते ग्लेनिसकडे? कुठून आलं?

खरं सांगायचं तर ग्लेनिसचं काही मॉरीनला कधी सहनच झालं नाही. लहानपणी ग्लेनिसचे केस कुरळे, हिचे सरळ. ग्लेनिसचे हात डॅडसारखे रुंद, हिचे आत्यासारखे काडीचे. हिच्या पुढच्या दोन दातांत फट, ग्लेनिसची दंतपंक्ती जाहिरातीतल्यासारखी. आई गेल्यावर डॅड ग्लेनिसकडे राहायला गेले आणि अकरा वर्षांनी तिथेच वारले, आणि त्यांची टोपी, शिट्टी, कंदील सगळं ग्लेनिसच्या भिंतीवर गेलं. त्या अकरा वर्षांत डॅडची चादर कोणी बदलली, रात्री-अपरात्री औषध कोणी दिलं, हा हिशेब मॉरीन करत नसे. ती रविवारी केक घेऊन जायची, तासभर बसायची, आणि निघताना भिंतीकडे बघून मनातल्या मनात जळायची.

शुक्रवारी दुपारी ती ग्लेनिसच्या दारात उभी राहिली. दोघींच्या घरांत दोन गल्ल्यांचं अंतर, पण ती तेवढंसुद्धा ताड ताड चालत आली होती.

"ये की," ग्लेनिस म्हणाली. "चहा टाकू?"

"टाक. आणि ते तिकीट दाखव."

ग्लेनिसचा हात किटलीवर थबकला. "पेपर वाचलास वाटतं."

"अख्ख्या गावाने वाचला. गाडीत होतीस म्हणे तू! गाल केवढे होते तुझे तेव्हा, आठवतंय? गाडीत बसली असतीस तर दोन सीटा लागल्या असत्या."

"तू अजून तशीच बोलतेस, मो."

"आणि तू अजून तशीच खोटं बोलतेस. फलाट तिकीट असणार ते. कोणाच्या तरी भंगारातून उचललेलं. उद्या सगळ्यांसमोर सांगते मी."

ताकाला जाऊन भांडं लपवणं मॉरीनच्या स्वभावात नव्हतं. तिने सरळ शेल्फवरची चौकट उचलली, पर्समधून चष्मा काढला आणि खिडकीपाशी गेली. फलाट तिकीट निघालं की झालं, एवढ्यावरच तिचा सगळा जीव होता.

फलाट तिकीट नव्हतं. प्रवासाचं होतं. त्यावर 'लहान मूल, अर्धं' छापलेलं होतं. तारीख ती, गाडी ती. आणि उजव्या कोपऱ्यात पुठ्ठा दबला होता. दातांच्या दोन खुणा होत्या, मध्ये फट.

मॉरीनने नकळत जीभ आपल्या पुढच्या दातांवरून फिरवली. साठाव्या वर्षीही फट तिथेच होती.

"हे माझं आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिचा तिलाच ओळखू येईना. "हे मी त्यांच्या हातावर ठेवलं होतं. तुझ्याकडे कसं आलं?"

ग्लेनिसने ओट्यावरचे कप उगीचच इकडचे तिकडे केले. मग मागे न वळता म्हणाली, "डॅडनी दिलं मला. त्या रात्री. मी रडत होते म्हणून."

मॉरीनने चौकट शेल्फवर ठेवली. चहा न घेता ती निघाली. घरी पोचेपर्यंत तिने स्वतःला आवरलं आणि मग स्वयंपाकघरात, कोट न काढता, खुर्चीवर बसून ढसाढसा रडली.

"काय झालं?" क्लिफने शब्दकोडं बाजूला ठेवलं. हे तो क्वचितच करायचा.

"त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि तिला दिलं," मॉरीन हुंदके देत म्हणाली. "मी म्हणायचे, नियम होता. माणूस नियमाचा होता, त्याला काय करणार. आयुष्यभर हेच म्हणत आले. नियम फक्त मला होता रे क्लिफ. तिच्यासाठी मोडला त्यांनी."

फीत, पुढची सीट, पेपरातला फोटो, हे सगळं आता बाजूला राहिलं. बारा वर्षांच्या पोरीला कळलेलं एकच कारण होतं आणि तेही खोटं निघालं, हे साठ वर्षांच्या बाईला सोसवेना. मेलेल्या बापाशी भांडता येत नाही. जिवंत बहिणीशी येतं, पण मॉरीनमध्ये भांडायचं बळही उरलं नव्हतं.

"उद्या जायचं नाही आपण," क्लिफ म्हणाला.

"नाही," मॉरीन म्हणाली.

शनिवारी पावणेअकराला ती थांब्यावर हजर होती. ज्याच्या पोटात दुखतं तो घरी बसून राहत नाही. त्याला जे बघायचं नसतं तेच पुढे होऊन बघायचं असतं.

थांब्यावर ही गर्दी! शाळेचा बँड, चर्चच्या बायकांनी आणलेलं आल्याचा पार्किन केक, कागदी कपांत चहा, आणि ट्रामविरोधी समितीचे तेच चेहरे, जे आता पहिल्या ट्रामचे फोटो काढायला सर्वांत पुढे उभे होते. थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ येत होती. ट्राम येऊन उभी होती, पिवळीधमक. तिच्या दारावर लाल फीत बांधलेली. ग्लेनिस निळा कोट घालून समीनाच्या शेजारी, चौकट छातीशी धरून. दोघी बहिणींची नजरानजर झाली आणि ग्लेनिसने मान फिरवली.

समीनाच्या कॉलरला चिमुकला माइक लावला होता, त्यामुळे तिचा श्वासही थांबाभर ऐकू येत होता. "आता आपण हे ऐतिहासिक तिकीट त्याच्या जागी बसवू या," ती म्हणाली आणि काचेच्या खांबाची खिट्टी तिने उघडली. "ग्लेनिस, चौकट द्या हं. तिकीट बाहेर काढावं लागेल."

"बाहेर कशाला?" ग्लेनिस म्हणाली. "चौकटीसकटच लावा की."

"मावणार नाही. शिवाय मागची बाजूही दिसायला हवी."

"मागे काही नाही. कोरं आहे. राहू दे, ते जुनं आहे, फाटेल."

पण समीना हौशी पोर. तिने बोलता बोलता चौकटीच्या मागच्या पट्ट्या वर केल्या आणि तिकीट नखाने अलगद काढलं. ग्लेनिसचा हात पुढे गेला, पण उशीर झाला होता.

"अरे वा! मागे तर पेन्सिलीने लिहिलंय," समीना खुशीत म्हणाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागली. "'मोचं तिकीट. तिने मागितलं होतं. द्यायला हवं होतं. वॉल्टर.'"

बँडमधला एक ढोल कोणाचा तरी धक्का लागून वाजला.

"मो कोण?" समीनाने विचारलं.

"मी," मॉरीन म्हणाली.

गर्दीने वाट करून दिली. मॉरीन पुढे आली आणि समीनाने तिकीट तिच्या हातावर ठेवलं. डॅडचंच अक्षर. रजिस्टरात आकडे लिहायचे तसं सरळ, दाबून लिहिलेलं. नियमाच्या त्या माणसाने सोमवारच्या सुतळीत एक तिकीट कमी बांधलं होतं. पहिल्यांदा आणि शेवटचं, आणि कोणाला बोलला नव्हता.

"तू म्हणालीस तुला दिलं," मॉरीन ग्लेनिसला म्हणाली.

"खोटं बोलले." ग्लेनिसचा चेहरा लाल झाला होता, थंडीने नव्हे. "ते वारले त्या दिवशी सापडलं. टोपीच्या अस्तरात शिवून ठेवलेलं. अकरा वर्षं मी त्यांचं सगळं केलं, मो. न्हाऊ घातलं, घास भरवले. शेवटी शेवटी मला ओळखतही नव्हते, नर्स म्हणायचे. आणि टोपीत कोणाचं नाव? तुझं! रविवारी केक घेऊन येणारीचं!"

"मग मला द्यायचं होतंस."

"का द्यायचं होतं? तेवढंही तुलाच?" ग्लेनिस आता रडतच होती आणि समीनाच्या कॉलरवरचा माइक तिचं रडणंही थांबाभर पोचवत होता. "त्या दिवशी सगळं गाव फलाटावर, तू गाडीत, डॅड फाटकावर. आणि मी सुजलेलं तोंड घेऊन खिडकीत. गाडीची शिट्टी ऐकली, तेवढीच. मला वाटलं, एकदा तरी... एकदा मी असेन त्या गाडीत. पेपरात तरी."

समीनाने आता कुठे माइक बंद केला.

मॉरीनला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. लपवायचं कशाला, चांगला झाला. पण त्याच्या मागोमाग दुसरंही काही आलं. आपण इतकी वर्षं ग्लेनिसच्या भिंतीकडे बघून जळत होतो, आणि ग्लेनिस त्याच टोपीच्या अस्तराकडे बघून जळत होती, हे तिला आत्ता कळलं. भिंतीवरची टोपी दोघींनी बघितली होती, आणि दोघींनाही ती आपली नाही असंच वाटलं होतं.

"फीत कोण कापणार मग?" मागून क्लिफने विचारलं. "ड्रायव्हर बिचारा कुडकुडतोय."

"कात्री तिच्याकडेच आहे," मॉरीन म्हणाली. "कापू दे तिला. पुढच्या सीटवर मात्र मी बसणार."

"पुढे दोन सीटा आहेत," समीना हळूच म्हणाली.

फीत कापली गेली, बँड वाजला, दारं उघडली. तिकीट मॉरीनच्या हातातच राहिलं आणि काचेचा खांब रिकामा. दोघी पुढे जाऊन बसल्या, शेजारी शेजारी, एकमेकींकडे न बघता. ट्राम निघाली. जिथे मॉरीनने तीन वर्षांपूर्वीपर्यंत ब्लॅकबेरी तोडल्या होत्या तिथून आता रूळ सरळ शहराकडे जात होते.

"गालांना जागा पुरतेय ना?" मॉरीनने बाहेर बघतच विचारलं.

"पुरतेय," ग्लेनिसने नाक पुसलं. "तू जरा सरकलीस तर आणखी पुरेल."

गाडीत गारठा होता. मॉरीनने खिशातून हातमोजे काढले. एक हात आत घातला, दुसऱ्या हातात तिकीट होतं, आणि सवय ती सवय. तिकीट दातांत गेलं.

"मो! तिकीट तोंडात घालू नकोस!"

तोच सूर. तेच शब्द. ग्लेनिसने हात पुढे केला होता, डॅडसारखा रुंद पंजा, तळवा वर. आणि मॉरीनने, काही विचार करायच्या आत, दातांतून तिकीट काढून त्या तळव्यावर ठेवलं.

ठेवलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. दिलंस पुन्हा! साठीला आलीस तरी दिलंस! आणि आता मागायचं कसं?

ग्लेनिसने तिकीट उजेडात धरलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. कोपऱ्यातल्या खुणांवरून अंगठा फिरवला. पुढचा थांबा आला, दारं उघडली, मिटली.

मग तिने मॉरीनचा मोकळा हात धरून तिकीट त्यात ठेवलं आणि तिची बोटं वरून मिटवली.

"ठेव," ती म्हणाली.